पहाटे जागविणारें मांजराचें पिलूं

मांजर पाळावें कीं पाळूं नये, हा प्रश्न आपल्या घरांतून सहसा विचारला जात नाहीं. कुत्रें आणावयाचें म्हणजे वडील मंडळींची संमति घ्यावी लागते. मांजर मात्र आपण होऊन येतें. एखाद्या पावसाळी दिवशीं मागील दारीं ओलें, थरथरणारें पिलूं दिसतें, मुलें त्याला बशींत दूध घालतात, आजी "आजचा दिवस राहूं द्या बिचाऱ्याला" म्हणतात, आणि तो आजचा दिवस पुढें दहा-बारा वर्षें चालतो. पहिला महिनाभर घरांत त्याच्या कौतुकाशिवाय दुसरा विषय नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत तक्रारीचा पहिला सूर निघतो, आणि तो बहुधा एकाच गोष्टीविषयीं असतो: पिलूं पहाटे चार वाजतां सारें घर उठवितें.

ही तक्रार वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत सकाळीं कामावर जाणारीं माणसें, परीक्षेचा अभ्यास करणारीं मुलें, रात्रीं उशिरा डोळा लागणारे वृद्ध आणि एखादें तान्हें मूल अशीं सर्व एकाच छपराखालीं निजतात, त्या घरांत रोज दोन तासांची झोंप मोडणें ही थट्टेची गोष्ट नव्हे. पंधरा दिवसांत माणसें एकमेकांवर चिडूं लागतात, आणि शेवटीं सगळ्यांचा राग निघतो त्या मुक्या जिवावर. पिलूं पोत्यांत घालून दूर सोडून येण्याच्या गोष्टी सुरू होतात. तशी पाळी येण्याचें वास्तविक कांहींच कारण नाहीं. घरांतील मंडळींनीं एकविचारानें महिनाभर धीर धरला, तर ही खोड बहुतेक जाते. ती कशी, हें येथें सांगावयाचें आहे.

या प्रश्नाचीं सारीं अंगें आम्हांस एकत्र पाहावयास मिळालीं तीं घाटघर येथें. जुन्नरहून पश्चिमेकडे नाणेघाटाच्या माथ्याकडे जातांना हा गांव लागतो. जवळच जीवधनचा किल्ला, आणि पुढें कोंकणांत उतरणारा घाट. हा घाट सातवाहनकाळापासून जुन्नर व कोंकणांतील बंदरें यांना जोडीत आला. घाटांतील लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, आणि जीवधनावर धान्याची जुनी दगडी कोठी आहे. मुसळधार पाऊस, भाताचीं खाचरें आणि कौलारू घरें असा हा मुलूख. भात घरांत आला कीं उंदीर आले, आणि उंदीर आले कीं मांजर हवेंच. या बाजूस मांजर पाळणें ही हौस कमी आणि गरज अधिक.

अशा खेड्यांतील मोठें मांजर पहाटे कोणास उठवीत नाहीं. कौलांच्या फटींतून, पडवीच्या भिंतीवरून तें रात्रीं बाहेर जातें, झुंजूमुंजू होतांना आपली शिकार साधतें, आणि माणसें उठतात तेव्हां चुलीजवळच्या उबेंत अंगाचें मुटकुळें करून निजलेलें असतें. आम्ही ज्या घरीं उतरलों होतों तेथें मात्र चार-पांच महिन्यांचें पिलूं होतें, आणि त्याला रात्रीं बाहेर सोडण्याची सोय नव्हती. जुन्नर तालुका हा बिबट्यांचा मुलूख आहे. खालच्या बागायतींत त्यांनीं उसाच्या फडांत घर केलें आहे, आणि घाटमाथ्याच्या रानांतहि त्यांचा वावर आहे. अंगणांतलें कुत्रें वा मांजर उचलून नेणें बिबट्यास मुळींच अवघड नाहीं. मांजराला वाघाची मावशी म्हणून आपण कितीहि मान दिला, तरी तो हें नातें ओळखीत नाहीं. म्हणून दिवेलागण झाली कीं पिलूं आंत घेऊन दार लावून घेत. रात्रभर तें स्वस्थ निजे, आणि चार वाजले कीं माजघरांत त्याच्या फेऱ्या सुरू होत. प्रथम भांड्यांचा आवाज, मग पांघरुणाबाहेर राहिलेल्या अंगठ्यावर झडप, आणि मग उशाशीं बसून अखंड म्यांव. शहरांतील बंद घरांतून जें घडतें तेंच येथें घडत होतें. फक्त त्याचें कारण येथें अधिक स्पष्ट दिसत होतें. बाहेर जाण्याची वेळ झालेला प्राणी दाराच्या आंत राहिला होता.

पिलूं खोडकर म्हणून पहाटे उठतें, असा पुष्कळांचा समज असतो. खरें पाहतां तें आपल्या जातीच्या वेळेवर उठतें. मांजर दिनचर नाहीं, आणि पुरतें निशाचरहि नाहीं. त्याच्या हालचालीस भर येतो तो संधिप्रकाशांत, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेस. आपल्या घरगुती मांजराचा पूर्वज पश्चिम आशिया व आफ्रिका येथील रानमांजर होय, हें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून निश्चित झालें आहे. सायप्रस बेटांत माणसाच्या शेजारीं पुरलेलें सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचें मांजर सांपडलें आहे, इतका हा सहवास जुना. कोठारांतील उंदरांच्या मागावर तें माणसाच्या वस्तींत आलें आणि राहिलें. एवढ्या काळांत त्याचा स्वभाव पुष्कळ सौम्य झाला, परंतु त्याचें घड्याळ बदललें नाहीं.

त्या घड्याळाला साजेशींच त्याचीं इंद्रियें आहेत. माणसास दिसण्यासाठीं जितका उजेड लागतो, त्याच्या सुमारें सहाव्या हिश्शांत मांजरास दिसतें. त्याच्या डोळ्यांत मागील पडद्यामागें एक चकाकणारा थर असतो. तो आंत आलेला प्रकाश परतवून डोळ्यास दुसऱ्यांदा उपयोगीं आणतो. दिव्यापुढें मांजराचे डोळे चमकतात ते त्यामुळेंच. माणसाचा कान सेकंदास वीस हजार कंपनांपलीकडचा आवाज ऐकूं शकत नाहीं. मांजराचा कान साठ हजारांच्याहि पुढें जातो, आणि उंदरांची आपल्याला न ऐकूं येणारी चिवचिव त्याला ऐकूं येते. ज्या घटकेस आपल्याला घर काळोखें व निःशब्द वाटतें, त्या घटकेस पिलाचा दिवस उजाडलेला असतो. ऋतूप्रमाणें ही वेळ मागेंपुढें होते. जुन्नरच्या बाजूस जूनमध्यें सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारींत सात वाजून गेल्यावर. म्हणून ही तक्रार उन्हाळ्यांत अधिक ऐकूं येते.

याशिवाय वयाचा भाग आहे. मांजर दिवसांतून बारा ते सोळा तास निजतें, परंतु तुकड्या-तुकड्यांनीं. घरांतील मंडळी कामांत असतां दुपारभर निजलेलें पिलूं पहाटे अगदीं ताजेंतवानें असतें. शिवाय चार महिन्यांपासून वर्षापर्यंत त्याच्या अंगांत शक्ति मावत नाहीं. पोट मात्र लहान. रानांतलें मांजर एकदांच भरपेट जेवीत नाहीं. दहा-बारा लहान लहान शिकारींवर त्याचा दिवस जातो. संध्याकाळीं सात वाजतां जेवलेलें पिलूं पहाटे चार वाजतां नऊ तासांचें उपाशी असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याच्या ओरडण्याचें निम्में कोडें सुटतें.

येथवर निसर्गाचा भाग झाला. पुढचा भाग शिक्षणाचा, आणि तेथील शिक्षक आपणच असतों. १८९८ सालीं एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपले मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलें मांजर तो फळ्यांच्या पेटींत कोंडी व खाद्य बाहेर ठेवी. आंतील दोरी ओढली किंवा खटका दाबला कीं दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडी, चावे, धडपडे, आणि त्या धडपडींत केव्हांतरी योगायोगानें खटका दाबला जाई. पुनःपुन्हा कोंडल्यावर व्यर्थ धडपड कमी होत जाई, आणि अखेर मांजर सरळ खटक्याकडे जाई. ज्या कृतीचें फळ गोड, ती कृति टिकते, हा सिद्धान्त त्यानें त्यावरून बसविला. आपल्या घरीं पहाटे हाच प्रयोग चाललेला असतो. तेथें पेटी म्हणजे आपलें घर, आणि खटका म्हणजे आपण. पिलूं पांघरूण ओढतें. कोणी उठत नाहीं. भांडें पाडतें, कोणीतरी झोंपेंतच "हट्" म्हणतें. कानाशीं बसून ओरडतें, आणि कोणीतरी उठून बशींत दूध घालतें. दुसऱ्या दिवशीं पिलूं पांघरुणाच्या वाटेस न जातां सरळ कानाशीं येतें.

त्यानंतरच्या काळांत बी. एफ. स्किनर यानें आणखी एक गोष्ट दाखवून दिली, आणि एकत्र कुटुंबांतील मंडळींनीं तीच मुख्यतः ध्यानांत ठेवावयाची आहे. एखाद्या कृतीचें फळ दर वेळीं न मिळतां कधीं मिळालें व कधीं नाहीं, तर ती संवय अधिकच चिवट होते. एकट्या माणसाच्या घरीं नियम करणारा व पाळणारा एकच असतो. आपल्या घरांतून दहा माणसें, आणि दहांचीं मनें निराळीं. पांच दिवस कोणीं दाद दिली नाहीं आणि सहाव्या दिवशीं एकाला दया आली, तर पिलूं इतकेंच शिकतें कीं कधीं कधीं सहा दिवस ओरडावें लागतें.

घाटघरच्या त्या घरीं नेमकें हेंच चाललें होतें. पहाटे पिलास कांहीं द्यावयाचें नाहीं, असें सूनबाईंनीं ठरविलें होतें. आजींना तें मान्य नव्हतें. "अगं, लेकरूं ओरडतें आहे आणि आपण ऐकत पडून राहावयाचें, हें माझ्यानें व्हावयाचें नाहीं," असें म्हणून त्या अंधारांत बशी शोधीत. आजींचा हा कळवळा निराधार नव्हता. २००९ सालीं इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकोम्ब व त्यांचे सहकारी यांनीं मांजराच्या गुरगुरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाणें मागतांना मांजर जें गुरगुरतें, त्यांत नेहमींच्या खालच्या सुरांबरोबर एक उंच, रडण्यासारखा सूर मिसळलेला असतो, आणि त्याचें तान्ह्या मुलाच्या रडण्याशीं साम्य आहे, असें त्यांना आढळलें. ज्यांनीं कधीं मांजर पाळलें नाहीं अशा माणसांनाहि तें गुरगुरणें अधिक निकडीचें वाटलें. ज्या स्त्रीनें चार मुलें वाढविलीं, तिला तो सूर ऐकून पडून राहवत नसेल, तर त्यांत नवल तें काय? आजींस दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. सूनबाईंनीं शहाणपणानें निराळा मार्ग काढला. रात्रीं सर्वांची निजानीज होण्यापूर्वीं पिलास शेवटचें जेवण घालण्याचें काम त्यांनीं आजींकडेच सोंपविलें. पिलूं रात्रीं भरल्या पोटीं निजलें, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यामुळें पहाटेचा त्याचा आक्रोश आजींना भुकेचा वाटेनासा झाला, आणि घरांतील नियम सर्वांचा झाला.

आतां प्रत्यक्ष उपायांकडे वळूं. यांतील कोणताहि एक उपाय एकटा पुरा पडत नाहीं. सर्व एकत्र आणि एकाच दिवसापासून सुरू करावेत.

पहिला उपाय खेळाचा. रात्रीं निजण्यापूर्वीं दहा-पंधरा मिनिटें पिलास शिकारीचा खेळ खेळवावा. काठीच्या टोकास बांधलेली चिंधी किंवा कागदाचा बोळा एवढें साहित्य पुरे. चिंधी उंदरासारखी भिंतीच्या कडेनें पळवावी, थांबवावी, दडवावी, आणि शेवटीं पिलास ती पकडूं द्यावी. शिकार कधींच हातीं न लागल्यास तें अधिकच अस्वस्थ होतें. आपला हात वा पाय मात्र कधींहि खेळणें म्हणून देऊं नये. दिवसां बोटांशीं खेळलेलें पिलूं पहाटे अंगठ्यावर झडप घालणारच. खेळ संपल्यावर दोरी उचलून ठेवावी. गिळलेला दोरा आंतड्यांत अडकून जिवावर बेततो. हें काम घरांतील मुलांकडे द्यावें, तीं तें आनंदानें करतात.

दुसरा उपाय जेवणाचा. शिकार, भोजन, अंग चाटणें आणि निद्रा हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. तो रात्रीं दहा वाजतां घडवून आणला, तर पहाटे चार वाजतां घडण्याचें कारण राहत नाहीं. म्हणून खेळ संपतांच दिवसाचें शेवटचें जेवण घालावें. सहा महिन्यांच्या आंतील पिलास दिवसांतून तीन-चार वेळां थोडें थोडें खाणें द्यावें, आणि त्यांतील मोठा भाग रात्रींसाठीं राखावा.

तिसरा उपाय जागेचा. निजावयाच्या खोलीबाहेर, वाऱ्यापासून आडोशाला, जुन्या लुगड्याची घडी घातलेली टोपली, पाण्याचें भांडें आणि वाळूचें खोकें ठेवून पिलाची स्वतंत्र सोय करावी. पूर्वेकडील खिडकीस जाड पडदा लावल्यास पहिला उजेड व पांखरांची किलबिल यांनीं त्याची झोंप चाळवत नाहीं. पिलूं दुपारीं सलग निजूं लागलें, तर मधून मधून उठवून त्यास थोडें खेळवावें.

चौथा उपाय मौनाचा, आणि तोच सर्वांत कठीण. पहाटे पिलूं ओरडूं लागलें असतां कोणींहि उठूं नये, बोलूं नये, त्याच्याकडे पाहूंहि नये. "हट्" म्हणणें हेंहि उत्तरच झालें. मारणें तर सर्वथा वर्ज्य. त्यानें पिलूं ओरडणें सोडीत नाहीं, माणसावरचा विश्वास मात्र सोडतें. येथें एक सूचना अवश्य ध्यानांत ठेवावी. दाद देणें बंद केल्यावर पहिले कांहीं दिवस ओरडणें कमी न होतां वाढतें. जी युक्ति काल चालत होती ती आज कां चालत नाहीं, म्हणून पिलूं ती अधिक जोरानें करून पाहतें. बहुतेक घरें याच वेळीं हार खातात. घाटघरच्या घरीं चौथी रात्र सर्वांत कठीण गेली. दहाव्या दिवशीं पिलूं एकदां ओरडून गप्प झालें, आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस माणसें उठेपर्यंत टोपलींत पडून राहूं लागलें.

पांचवा उपाय पहिल्याशीं जुळता आहे. उठल्याबरोबर पिलास खाणें देऊं नये. तोंड धुवावें, चहा व्हावा, आणि मग ठरावीक वेळीं बशी भरावी. म्हणजे माणसाचें उठणें व आपलें खाणें यांची सांगड त्याच्या मनांत बसत नाहीं. ठरविलेल्या वेळीं आपोआप झांकण उघडणारीं भांडीं हल्लीं मिळतात. तीं वापरल्यास पिलूं माणसाऐवजीं भांड्याची वाट पाहूं लागतें.

आतां खाण्याविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण आमच्या वाचकांच्या घरांतून येथेंच अडचण येते. मांजर म्हणजे दूधभात, ही आपली जुनी कल्पना. पूर्वींच्या वाड्यांतून ती चालून गेली, कारण त्या मांजराचें खरें जेवण कोठींतले उंदीर हें होतें, आणि दूधभात हा वरचा प्रसाद. आजच्या बंद घरांत उंदीर नाहीं, आणि तो प्रसादच सारें जेवण होऊन बसला आहे. मांजर हा सर्वस्वीं मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं. तें मांसांतूनच मिळावें लागतें. तें न मिळाल्यास डोळ्याचा पडदा बिघडतो, हें १९७५ सालीं, आणि हृदय दुबळें होतें, हें १९८७ सालीं सिद्ध झालें. मोठ्या होत चाललेल्या पुष्कळ मांजरांस दूधहि नीट पचत नाहीं व त्यानें पोट बिघडतें. दूधभातानें पोट फुगलेलें आणि तरीहि भुकेलें पिलूं पहाटे ओरडलें, तर तें खोटें ओरडत नाहीं. ज्या घरीं मांस-मासळी शिजत नाहीं त्यांनीं मांजरांसाठीं मिळणारें तयार, पूर्ण खाद्य आणावें व त्याचीं भांडीं निराळीं ठेवावींत. कांदा-लसूण घातलेलें अन्न मांजरास मुळींच देऊं नये; त्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. स्वतःचा आचार पाळण्यास प्रत्येक घर मुखत्यार आहे. परंतु जो जीव आपण दाराआड ठेविला, त्याच्यावर तो आचार लादून त्यास उपाशी ठेवणें धर्माला धरून होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

हे सर्व उपाय करूनहि ओरडणें थांबत नसेल, तर तें संवयीचें नाहीं असें समजून गुरांच्या डॉक्टरांना दाखवावें. जंत झालेलें पिलूं कितीहि खाल्लें तरी भुकेलेंच राहतें. पांच-सहा महिन्यांची मांजरी माजावर आली कीं रात्ररात्र ओरडते, आणि बोका त्याच वयाच्या सुमारास बाहेर पडण्यासाठीं दार ओरबाडूं लागतो. यावर शिक्षणाचा इलाज चालत नाहीं. त्या वयाच्या आधीं शस्त्रक्रिया करून घेणें हाच खरा उपाय, आणि नको असलेल्या पिलांचा पुढचा प्रश्नहि त्यानेंच सुटतो.

राहतां राहिला पोत्याचा मार्ग. पिलूं देवळापाशीं, बाजारांत किंवा रानाच्या कडेला सोडून आल्यास "तें आपलें पोट भरील," अशी मनाची समजूत घालण्यांत येते. घरांत वाढलेल्या पिलास शिकार येत नाहीं. घाटघरसारख्या ठिकाणीं तें बिबट्याच्या वा कोल्ह्याच्या तोंडीं जातें, आणि शहरांत गाडीखालीं. जें वांचतें तें रानांतील पांखरें मारतें व आपले रोग तेथील जनावरांस देतें. जुन्नरच्या या बाजूस वाघाटी नांवाचें लहानगें रानमांजर आहे. पूर्ण वाढलेलें सुद्धां तें दीड किलोच्या आंतबाहेरच असतें, आणि भारत, श्रीलंका व नेपाळ यांखेरीज जगांत कोठेंहि आढळत नाहीं. उसाच्या तोडणींत त्याचीं पिलें सांपडतात, तेव्हां तीं घरच्या मांजराचीं समजून मुलें घरीं आणतात. तसें न करतां वनखात्यास कळवावें; पिलें होतीं तेथेंच ठेवून आईची व त्यांची गांठ घालून दिल्याचीं उदाहरणें या भागांत आहेत. पाळीव मांजर उपासमार होईल अशा स्थितींत सोडून देणें हा प्राणिक्रूरता-प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेविला, तरी तीन आठवड्यांच्या धीरानें जें साधतें, त्यासाठीं एका जिवाचा बळी देणें कोणत्याहि सुसंस्कृत घरास शोभणारें नाहीं.

पिलूं जन्मभर पिलूं राहत नाहीं. वर्ष-दीड वर्षांत त्याची धडपड आपोआप ओसरते, आणि घराची वेळ तीच त्याची वेळ होते. तोंवर रात्रीं दहा वाजतां पंधरा मिनिटें त्याच्यासाठीं काढावीं, आणि पहाटे चार वाजतां घरांतील सर्वांनीं मिळून गप्प राहावें. हें दुसरें काम एकट्यादुकट्यानें होण्यासारखें नाहीं. म्हणून आज रात्रीं जेवणें झालीं कीं आजींपासून धाकट्या मुलापर्यंत सर्वांनीं एकत्र बसून शेवटची बशी कोणीं भरावयाची, खेळ कोणीं घ्यावयाचा, आणि पहाटे कोणींहि उठावयाचें नाहीं, एवढें ठरवून टाकावें.